तीन हजार चारशे ऐंशी तास

दूरस्थ एमबीएची जाहिरात फी सांगते, मुदत सांगते, घरबसल्या पदवी मिळेल हेही सांगते. तास मात्र सांगत नाही. तो आकडा क्रेडिटमध्ये दडलेला असतो आणि बाहेर काढायला साधा गुणाकार पुरतो. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एमबीएला ११६ क्रेडिट आहेत. इग्नूच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास; त्यात वाचन, गृहपाठ, संपर्कवर्ग सगळं आलं. म्हणजे ३,४८० तास. कमीत कमी मुदत दोन वर्षांची, १०४ आठवड्यांची. भागाकार केला की आठवड्याला तेहतीस तासांहून जास्त येतात.

आठवड्याला ४८ तासांची नोकरी, रोजचं जाणं-येणं, घरात लहान मूल किंवा आजारी सासूबाई. यातून तेहतीस तास कुठून काढायचे? याचं उत्तर प्रवेश घेण्याआधी मिळालं पाहिजे. माझ्या मते दूरस्थ एमबीए निवडण्याचा निम्मा निर्णय इथेच होतो. विद्यापीठ कोणतं, स्पेशलायझेशन कोणतं, हे प्रश्न खरे आहेत, पण ते यानंतरचे.

आता हाच हिशेब तीन वर्षांवर मांडा. आठवड्याला बावीस तास येतात. चार वर्षांवर मांडला तर सतरासुद्धा नाहीत. इग्नूत ही पदवी पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणून नोकरदार माणसाने प्रवेश घेतानाच मनाशी तीन वर्षं धरावीत. दोन वर्षांत संपलं तर आनंदच आहे. पण दोनच वर्षं धरून चाललेला माणूस पहिल्या सत्रात सातपैकी तीन विषय राहिले की खचतो. तीन वर्षं धरलेला माणूस त्याच निकालाकडे बघून म्हणतो, चार विषय सुटले.

पहिलं सत्र सात विषयांचं असतं आणि त्यात हिशेबशास्त्र व संख्याशास्त्र दोन्ही येतात. बी.कॉम. झालेल्यांना पहिला विषय ओळखीचा, बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग झालेल्यांना दुसरा. बी.ए. झालेल्यांना दोन्ही नवे. त्यांनी पहिल्या परीक्षेला सातही पेपर अंगावर घेण्याचा हट्ट धरू नये. चार-पाच विषय नीट तयार करून बसावं, उरलेले पुढच्या खेपेला द्यावेत. मुक्त विद्यापीठांच्या रचनेत ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते आणि ती वापरण्यात कमीपणा काहीच नाही. विषय मागे ठेवताना पुन्हा परीक्षा देण्याचे नियम आणि शुल्क मात्र आधी वाचून घ्यावं. प्रत्येक विद्यापीठाची पद्धत निराळी असते.

तासांचा अंदाज आला की पुढचा प्रश्न: हा कागद दाखवायचा कुठे? खासगी कंपनीत आहे त्याच जागी बढती हवी असेल, तर एचआर विभागाला सरळ विचारावं की दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए चालेल का. तोंडी ‘चालतं हो’ यावर थांबू नये, ईमेलवर उत्तर घ्यावं. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी हातात आल्यावर सेवापुस्तकात नोंद करायला गेलं की सगळ्यात आधी या परवानगीचा कागद मागतात. आखाती देशात किंवा आणखी कुठे जायचं असेल, तर त्या देशात दूरस्थ पदवीला कोणती वागणूक मिळते ते ठरावीक पदासाठी विचारावं. इथली मान्यता इथपुरती असते. कारखान्यातल्या कामगार कल्याण अधिकाऱ्यासारखी पदं कायद्याने ठरवलेली असतात आणि त्यांना विशिष्ट पदव्या-पदविका लागतात. एमबीए एचआर तिथे आपोआप चालतं असं समजू नये. आणि पदवी कुठेच दाखवायची नसेल, वडिलांचं दुकान किंवा स्वतःचा वर्कशॉप नीट चालवायचा असेल, तर साडेतीन हजार तासांची गरज आहे का, याचाही विचार करावा. हिशेब, खर्च-विश्लेषण आणि विपणन असे दोन-तीन सुटे अभ्यासक्रम कदाचित पुरतील.

मान्यता तपासण्याचं काम मात्र अर्ध्या तासाचं आहे आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग, ज्याला सगळे डेब म्हणतात, आपल्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची आणि अभ्यासक्रमांची यादी ठेवतो. त्या यादीत चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, पद्धत दूरस्थ की ऑनलाइन, आणि तुम्ही प्रवेश घेताय ते सत्र. चूक होते ती बहुधा चौथ्या गोष्टीत. विद्यापीठ मान्य असतं, गेल्या वर्षी एमबीएही मान्य होतं, पण या सत्राच्या यादीत ते नसतं. मान्यता बघितली जाते ती प्रवेशाच्या सत्राची. त्या दिवशीचं पान पीडीएफ करून ठेवावं, तारखेसकट.

एवढी काळजी कशासाठी, ते ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून कळतं. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेला बसायला सांगितलं. त्यानंतरच्या सत्रांतल्या पदव्या रद्दच केल्या. त्या पदव्यांवर नोकऱ्या आणि बढत्या मिळालेली माणसं होती, अभ्यास केलेला होता, फी भरलेली होती. परवानगी घेणं विद्यापीठाचं काम होतं आणि नुकसान विद्यार्थ्यांचं झालं. हे आठवलं की यादी तपासायला लागणारा अर्धा तास फार वाटत नाही.

सप्टेंबर २०२० चे आयोगाचे विनियम या क्षेत्राचा पाया आहेत. मान्य दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे त्यांतच आहे. फ्रँचायझी चालवायला त्यांत मनाई आहे. म्हणून एखाद्या क्लासच्या दारावर ‘अमुक विद्यापीठाचं अधिकृत केंद्र’ असा फलक असेल, तर विद्यापीठाच्या स्वतःच्या केंद्रांच्या यादीत ते नाव शोधावं. फी थेट विद्यापीठाच्या नावे जाते की मध्येच कुणाच्या खात्यात, हेही बघावं. मध्यस्थाच्या क्यूआर कोडवर फी भरू नये. नॅक ही उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था; तिची श्रेणी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. ती परवानगी मिळवायला उपयोगी पडते, पण त्या विद्यापीठाचा दूरस्थ विभाग गृहपाठ वेळेवर तपासतो की नाही, हे त्या श्रेणीवरून कळत नाही. ते कळतं मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना फोन केल्यावर. त्यांना एवढंच विचारावं: पुस्तकं किती महिन्यांनी आली, निकाल किती महिन्यांनी लागला, गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त व्हायला काय करावं लागलं.

२०२४ पासून प्रवेशाआधी डेब-आयडी काढावा लागतो. त्याला शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, क्रमांक लागतो आणि तो डिजिलॉकरमधून, आधारच्या आधाराने मिळतो. महाराष्ट्रात इथे हमखास एक अडचण येते, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. लग्नानंतर आधारवर पतीचं नाव आणि नवं आडनाव आलेलं असतं, पदवीच्या गुणपत्रिकेवर मात्र माहेरचं. क्रमाचा फरक सहसा निभावतो, पण नावच बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत हाताशी लागते. राजपत्राच्या कामाला दिवस जातात आणि प्रवेशाची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही. ज्यांना जुलैच्या सत्रात प्रवेश हवा आहे, त्यांनी हे काम मे महिन्यातच संपवावं. पुढे पदवी कोणत्या नावाने छापून यायला हवी, तेही याच वेळी ठरतं.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांत कागदोपत्री फरक थोडा आहे, रोजच्या जगण्यात बराच. दूरस्थ पद्धतीत छापील किंवा पीडीएफ पाठ्यसाहित्य, अभ्यासकेंद्रावरचे संपर्कवर्ग आणि केंद्रावर जाऊन पेनाने लिहायची परीक्षा. इग्नूत सत्रांत परीक्षेला ७० टक्के आणि गृहपाठाला ३० टक्के भार असतो. ज्याने दहा वर्षांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, त्याचा हात तीन तासांच्या पेपरात दुसऱ्या तासालाच दुखायला लागतो. येत असलेलं उत्तर अपुरं राहतं. ऑनलाइन पद्धतीत परीक्षा बहुधा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून द्यायची असते. तिला बंद खोली लागते, न तुटणारं नेट लागतं आणि परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतील तर केंद्रावर जाऊन पेपर लिहिणंच सोपं. याउलट फिरतीची नोकरी असेल, आज नांदेड आणि उद्या रायपूर, तर ऑनलाइन बरं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, इग्नू १९८५ चं, मुंबई विद्यापीठाचा दूरस्थ विभाग, ज्याला लोक आजही आयडॉल म्हणतात, १९७१ चा. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोचलेली आहेत. इग्नूची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातही आहेत. या सार्वजनिक संस्थांची फी खासगी ऑनलाइन एमबीएच्या मानाने बरीच कमी असते. इग्नूची सगळी फी लाखाच्या आत राहते, खासगी विद्यापीठांत ती सहज दीड-दोन लाखांपर्यंत जाते. जास्त पैशांत चांगलं संकेतस्थळ, ठरलेल्या वेळचे वर्ग आणि फोन उचलणारा माणूस मिळतो. ज्याला मागे लागणारं कुणीतरी हवं असतं, त्याने हे पैसे मोजले तर मी चूक म्हणणार नाही. पण पदविका आणि पदवी यांतला फरक लक्षात ठेवावा. पीजीडीएम ही व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे, पदवी नाही. नोकरीच्या बाजारात तिला मान आहे, पण पुढे पीएच.डी. करायची असेल किंवा सरकारी जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ असा शब्द असेल, तर समकक्षतेचं पत्र लागतं. ते मिळतं का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावं.

हप्त्यांवर फी भरताना अर्ज दोनदा वाचावा. बऱ्याच ठिकाणी ‘सुलभ हप्ते’ म्हणजे एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. दोन महिन्यांत शिक्षण सोडलं तरी ते कर्ज संपत नाही. हप्ता चुकला की सिबिलवर नोंद होते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ती समोर येते. विद्यापीठाकडे सत्रागणिक फी भरायची सोय असेल तर तीच घ्यावी.

अभ्यास आपल्याला झेपेल का, हे पैसे न भरता तपासता येतं आणि हे फार थोडे लोक करतात. इग्नूचं पाठ्यसाहित्य ईज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. त्यातला ‘अकाउंटिंग फॉर मॅनेजर्स’, एमएमपीसी ००४ हा विषय काढा आणि त्यातला खर्च, विक्री आणि नफा यांच्या संबंधाचा पाठ वाचा. त्यात काय शिकवलेलं असतं ते एका उदाहरणातून सांगते. चाकणच्या बाजूला एक छोटा कारखाना एक सुटा भाग २५० रुपयांना विकतो. त्या नगावर थेट होणारा खर्च, म्हणजे पोलाद, वीज, बाहेरचं जॉबवर्क, १७५ रुपये. नगामागे ७५ रुपये उरले. हे कॉन्ट्रिब्युशन. जागेचं भाडं, कायम पगार, मशिनचे हप्ते मिळून महिन्याला ३ लाख जातात. ३ लाख भागिले ७५, म्हणजे ४,००० नग विकले की तोटा थांबतो. पुढच्या प्रत्येक नगाला ७५ रुपये नफा. आता मोठा गिऱ्हाईक दहा टक्के सूट मागतो. भाव २२५ झाला, खर्च तोच, उरले ५०. ३ लाख भागिले ५०, म्हणजे ६,००० नग. भाव दहा टक्क्यांनी उतरला आणि तोटा टाळायला लागणारी विक्री दीडपट झाली. वाटाघाटीच्या टेबलावर हा हिशेब डोक्यात असलेला माणूस आणि नसलेला माणूस वेगळं बोलतात. मला या शिक्षणाचं मोल इथे दिसतं.

पाठ वाचून झाला की फाइल बंद करा आणि मागचा एक प्रश्न वहीत सोडवून बघा. घड्याळ लावा. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास आणि त्यात साधारण बारा-पंधरा पाठ, म्हणजे एका पाठाला आठ-दहा तास धरलेले आहेत. तुम्हाला सहा लागले तर उत्तम. वीस लागले आणि तरीही गणित जुळलं नाही, तर स्वयंअध्ययनाने हा विषय अवघड जाणार आहे. मग संपर्कवर्ग खरोखर भरणारं केंद्र जवळ असणं ही तुमची पहिली अट झाली पाहिजे. इंग्रजीची भीतीही याच वेळी पारखून घ्यावी. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना वाचलेलं कळतं, लिहिताना मात्र अडतं. रोज एक परिच्छेद स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहिला तर दोन महिन्यांत ते सुटतं. याहून मोठी चाचणी हवी असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा आठ किंवा बारा आठवड्यांचा व्यवस्थापनाचा एखादा अभ्यासक्रम करावा. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी फक्त हजार रुपये. बारा आठवडे गृहपाठ वेळेवर गेले तर एमबीएचं पुढे बघावं.

परीक्षांच्या तारखा आपल्या कामाच्या वर्षाशी जुळवून बघणं हाही निवडीचाच भाग आहे. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात होतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यातल्या केमिस्टला किंवा शेतकी अधिकाऱ्याला डिसेंबर म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. रजा मिळत नाही आणि मिळाली तरी डोकं शांत नसतं. त्याने जास्त विषय जूनला ठेवावेत, डिसेंबरला एक-दोनच. बँकेत किंवा सी.ए.च्या कार्यालयात काम करणाऱ्याला मार्चअखेर आणि जुलैतलं विवरणपत्रांचं काम टाळावं लागतं, म्हणून त्याला डिसेंबर सोयीचा. शिक्षकांना मे महिना मोकळा असतो, जून त्यांच्यासाठी चांगला. तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांनी पाळी बदलणारा सहकारी आधीच बोलून ठेवावा. पेपर आठवड्याच्या मधल्या दिवशीही येतात.

दोन पदव्या एकाच वेळी करता येतात, अशी मुभा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिली. एम.कॉम. आणि एमबीए जोडीने करण्याचा बेत त्यामुळे पुष्कळांच्या मनात येतो. नियमात बसतं, पण तासांचा हिशेब पुन्हा मांडून बघा.

स्पेशलायझेशनबद्दल थोडक्यात: ज्या विभागात काम करता त्याच्या शेजारचा विषय घ्यावा. उत्पादनातल्या माणसाने ऑपरेशन्स घेतलं तर माहीत असलेलंच नीट मांडता येतं, फायनान्स घेतलं तर पुढच्या खुर्चीची भाषा कळते. एचआर सोपं असतं म्हणून घेणाऱ्यांना मी थांबवेन.

गृहपाठाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. व्हॉट्सॲपवर ‘सॉल्व्हड असाइनमेंट’ विकत मिळतात आणि थकलेल्या माणसाला तो मोह पडतो. वर्षभर लिहिण्याचा सराव होण्याची ही जवळजवळ एकमेव जागा असते. ती पैसे देऊन सोडून दिली की परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदाच लिहायला बसल्यासारखं होतं. शिवाय शंभर जणांनी तोच मजकूर दिलेला असतो आणि तपासणाऱ्याच्या ते लक्षात येतं. गृहपाठ द्यायची तारीख परीक्षेच्या बरीच आधी असते; ती चुकली तर पेपर चांगला जाऊनही विषय अपूर्ण दिसतो आणि पुढच्या सत्राची वाट बघावी लागते. जमा केल्याची पोच, मग ती शिक्का मारलेली असो की पोर्टलवरची, निकाल गुणपत्रिकेवर चढेपर्यंत जपून ठेवावी.

शेवटच्या सत्रातला प्रकल्प आठ क्रेडिटचा, म्हणजे २४० तासांचा. त्याचा विचार तिसऱ्या सत्रातच सुरू करावा. आराखडा, मार्गदर्शकाची संमती आणि त्यांचा बायोडेटा आधी पाठवून मंजूर करून घ्यावा लागतो. मार्गदर्शक कोण असू शकतो याच्या अटी असतात. साहेब अनुभवी आहेत म्हणून ते चालतीलच असं नाही, आणि त्या एका कारणाने आराखडा परत आला की सहा महिने जातात. विषय लहान आणि आपल्या कामातला घ्यावा. ‘भारतीय वाहन उद्योगातील कर्मचाऱ्यांचं समाधान’ असा विषय कुणालाच पेलत नाही. आपल्या गोदामात सुटे भाग सरासरी किती दिवस पडून राहतात आणि त्यात किती पैसे अडकतात, हा पेलतो. आकडे वापरायला कंपनीची लेखी परवानगी घ्यावी आणि आराखडा पाठवण्याआधीच घ्यावी, कारण प्रश्नावली वाटून झाल्यावर परवानगी नाकारली गेली तर विषयच बदलावा लागतो.